व्यक्तिनामापासून शब्दापर्यंत : मराठीतील नामजन्य शब्दांचा एक विचार

शालेय व्याकरणात विशेषनाम आणि सामान्यनाम यांच्यामधील सीमारेषा ठळकपणे आखलेली असते. विशेषनाम एका व्यक्तीचे, सामान्यनाम एका वर्गातील सर्वांचे. 'या घरात एक कुंभकर्ण पुरे होता, आता दोन झाले' अशा वाक्यात विशेषनामाचा उपयोग सामान्यनामासारखा झाला आहे, एवढी टीप देऊन व्याकरणकार पुढे जातो. भाषेच्या व्यवहारात मात्र ही सीमा सदोदित ओलांडली जात असते. भगीरथ प्रयत्न, भीष्मप्रतिज्ञा, रामबाण उपाय, कळीचा नारद, शकुनीमामा, पूतनामावशीचे प्रेम हे पुराणांनी दिलेले शब्दप्रयोग झाले. हेमाडपंती, शिवराई, तुघलकी हे इतिहासाने दिले. तळीराम रंगभूमीने दिला, हापूस समुद्रापलीकडून आला आणि आंबेडकरी हा शब्द एका चळवळीने घडविला. या सर्वांच्या मुळाशी कोणा एका व्यक्तीचे, खऱ्या अथवा कल्पित, नाव आहे. म्हणून सोयीसाठी त्यांना 'नामजन्य शब्द' म्हणता येईल.

अशा शब्दांविषयी एक समजूत रूढ आहे. हे शब्द म्हणजे त्या त्या व्यक्तीची भाषेतील स्मारके होत, आणि शब्द उकलला की व्यक्ती व तिचे कार्य हाती लागते, असे मानले जाते. व्युत्पत्तीच्या तासाला विद्यार्थी या शब्दांवर खूश असतात त्याचे कारणही हेच. येथे ध्वनिनियमांची किचकट वाट चालावी लागत नाही, एक गोष्ट सांगितली की काम भागते. परंतु गोष्ट जितकी सुबक तितकी ती तपासून घेण्याची गरज अधिक. व्यक्तिनामाचा शब्द होताना भाषा त्या व्यक्तीची नोंद ठेवीत नसते. आपल्याला हवे तेवढे घेऊन उरलेले ती टाकून देते. त्यामुळे या शब्दांत जो इतिहास साठलेला असतो तो नाव असणाऱ्याचा थोडा आणि नाव देणाऱ्यांचा पुष्कळ असतो. हे विधान काही उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

'हेमाडपंती' हे यांतील सर्वांत परिचित उदाहरण. देवगिरीच्या यादवांपैकी महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (इ. स. १२७१ ते १३११) यांच्या पदरी असलेला हेमाद्री पंडित हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रते, दाने, श्राद्धे इत्यादींचा प्रचंड धर्मनिबंध त्याच्या नावावर आहे. चुन्याचा दर्जा न भरता दगडात दगड गुंतवून उभारलेल्या महाराष्ट्रातील जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात त्याच्यावरून पडला. गावोगावच्या माहितीफलकांवर आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत हे विशेषण इतके सर्रास आढळते की काळ्या दगडाचे कोणतेही पडके देऊळ हेमाडपंतीच असावे असे वाटू लागते. आता अंबरनाथचे शिवमंदिर घ्यावे. त्यावरील शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे आणि ते शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. हेमाद्री अधिकारावर आला त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे हे देऊळ उभे होते. वास्तुशास्त्राचे अभ्यासक त्याच्या शिखराची गणना 'भूमिज' या प्रकारात करतात, आणि हा प्रकार महाराष्ट्राप्रमाणे माळव्यातही आढळतो. मग हेमाडपंती या विशेषणाला रचनापद्धतीचे ढोबळ नाव याखेरीज कोणता अर्थ उरतो? कर्त्याचे नाव म्हणून तर ते मुळीच टिकत नाही.

तरीही लोकस्मृतीने हेमाद्रीचीच निवड का केली, हा प्रश्न उरतोच. देवळे बांधविली राजांनी, मांडलिकांनी, व्यापाऱ्यांनी. उभारली शेकडो पाथरवटांनी. यांपैकी कोणाचेही नाव शब्दात आले नाही. याचे उत्तर बहुधा देवळांत सापडत नाही, दप्तरात सापडते. मोडी लिपी हेमाडपंतानेच आणली अशी कथा परंपरेने सांगितली जाते आणि लेखनव्यवहाराचे 'मेस्तक'ही त्याच्याच नावावर मोडते. गावाचा कुलकर्णी, परगण्याचा देशपांडे, सरकारातील कारकून ही लेखणीवर जगणारी मंडळी यादवांचे राज्य गेल्यावरही शतकानुशतके आपल्या विद्येचा आरंभ या एका पुरुषापाशी नेत राहिली. जुने, भव्य आणि कर्ता ठाऊक नसलेले जे जे दिसेल ते ते आपल्या ओळखीच्या थोर पुरुषाच्या खात्यावर लिहिणे त्यांना स्वाभाविक वाटले असावे. हा तर्क मान्य केला तर 'हेमाडपंती' हा शब्द तेराव्या शतकातील वास्तुकलेचा साक्षीदार राहत नाही. पुढच्या काळातील लेखनिक वर्गाच्या अभिमानाचा तो साक्षीदार ठरतो. त्या दृष्टीने तो मोलाचाच आहे. फक्त त्याला विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत.

नाशिकजवळची पांडवलेणी याच प्रकारातील, पण त्याहून बोलके उदाहरण आहे. ही बौद्ध लेणी कोणी कोरविली हे शोधण्यासाठी तर्क लढविण्याची गरज नाही, कारण दात्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात तेथे आहे. पुत्राचा पराक्रम सांगणारी सातवाहन राजमाता गौतमी बलश्री तेथे आहे. ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही तेव्हा डोळ्यांसमोर असलेली ही नावे मुकी झाली आणि कथांतून सर्वांना माहीत असलेल्या पांडवांकडे त्या लेण्यांची मालकी गेली. दगडावर कोरलेले नाव शब्द होऊ शकले नाही, तोंडी फिरणारे झाले. याच्या उलट बाजूचे एक उदाहरण शिवराईचे. तांब्याच्या त्या नाण्यावर शिवाजी महाराजांचे नाव आहे आणि तेच नाव शब्दात आले, म्हणून हा शब्द प्रामाणिक म्हणावयाचा. तरी महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही, पाडलेल्या नाण्यांना लोक शिवराईच म्हणत राहिले. नाणे कोणी पाडले याच्याशी बाजाराला कर्तव्य नव्हते.

जुन्या काळात लिखित साधनांच्या अभावी असे घोटाळे झाले, मुद्रणयुगात ते होणार नाहीत, असे कोणास वाटेल. त्यासाठी 'शारदा कायदा' या शब्दाकडे पाहावे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न वृद्ध भुजंगनाथाशी ठरवितो, या कथेने मराठी प्रेक्षकांना हलवून सोडले. पुढे तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ही किमान वयोमर्यादा त्याने घातली. या कायद्याला महाराष्ट्रात शारदा कायदा म्हणत, आणि देवलांच्या नाटकावरूनच त्याला हे नाव पडले अशी समजूत आजही व्याख्यानांतून, क्वचित छापील मजकुरातूनही भेटते. वस्तुतः हे नाव विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरविलास सारडा यांचे आहे. त्यांच्या आडनावाचा 'शारदा' असा उच्चार व लेखन उत्तरेतही प्रचलित आहे. इंग्रजी अक्षरांतून वाचणाऱ्या मराठी माणसाला ते शारदाच दिसले आणि त्या नावाची एक दुःखी मुलगी त्याच्या मनात आधीपासून उभी होती.

या गैरसमजाला केवळ चूक म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. मराठी समाजाचे मन या सुधारणेसाठी तयार करण्यात देवलांच्या नाटकाचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. नाटक आणि कायदा यांचे नाते लोकांना जाणवले, फक्त ते त्यांनी नावात शोधले. मात्र वाङ्मयाच्या इतिहासात हा पुरावा म्हणून वापरला जातो तेव्हा थांबलेच पाहिजे. नाटकाचा सामाजिक परिणाम सिद्ध करण्यासाठी 'कायद्याला नाटकाचे नाव दिले गेले' असे लिहिणे म्हणजे योगायोगाने जुळलेल्या दोन ध्वनींवर साहित्यविचाराचा इमला उभारणे होय. २००६ च्या नव्या अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. कायदा गेला, पण त्याच्या नावाची ही व्युत्पत्ती टिकून आहे.

कधी कधी मात्र ध्वनीच खरा पुरावा देतो. 'हापूस' हा शब्द पोर्तुगीज 'अफोन्सो' या नावापासून आला आणि ते नाव १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्क याचे, असे परंपरा सांगते. अफोन्सो हे नाव पोर्तुगीजांत अगदी घरोघरचे असल्याने दुसऱ्या विधानावर फार भार टाकू नये. पहिले विधान मात्र शब्दाच्या रूपावरूनच पक्के होते. इंग्रजीत या आंब्याच्या नावात 'ल' आहे; पोर्तुगीज नावात तो नाही. मराठी हापूस, गुजराती हाफूस यांतही त्याचा मागमूस नाही. म्हणजे हा शब्द इंग्रज अमलात साहेबाच्या तोंडून आलेला नसून त्याआधीच गोव्याच्या वाटेने कोकणात उतरला. रत्नागिरी-देवगडच्या माणसाला या शब्दात परका सेनापती ऐकू येत नाही, आणि तो ऐकू यावा अशी अपेक्षाही नाही. फळांच्याच राज्यात नेमका उलटा प्रकारही घडला आहे. सीताफळ आणि त्याचा भाऊबंद रामफळ ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातील. परंतु त्यांना रामसीतेची नावे मिळताच ती अशी देशी झाली की ती वनवासाच्या काळापासून येथे असावीत असे वाटते. हापुसाने परक्याचे नाव पोटात लपविले, सीताफळाने परक्या फळाला घरचे नाव दिले.

येथपर्यंत वस्तूंना मिळालेल्या नावांचा विचार झाला. माणसाचे नाव माणसांनाच लागते तेव्हा प्रकरण अधिक नाजूक होते, कारण अशा नावात निवाडा असतो. राम गणेश गडकरी यांचे १९१९ मध्ये अकाली निधन झाले. त्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने मराठीला 'तळीराम' हा शब्द दिला. वर्षअखेरीच्या रात्री पोलिसांनी किती 'तळीरामां'वर कारवाई केली याच्या बातम्या वृत्तपत्रे दरवर्षी देतात, आणि नाटक कधीही न पाहिलेला वाचक त्या बिनचूक समजतो. परंतु त्या नाटकात दारूने ज्याच्या संसाराची राखरांगोळी होते तो नायक सुधाकर आहे. तळीराम हा त्याचा कारकून; तो सुधाकराच्या हाती पेला देतो आणि आर्यमदिरामंडळ चालवितो. शब्द व्हावयाचा तर सुधाकराचा व्हावयास हवा होता. तो झाला नाही, याची दोन कारणे संभवतात. सुधाकर शोकात्म नायक आहे. त्याच्या पडझडीत सिंधूचे हाल गुंतलेले आहेत आणि ते डोळ्यांपुढे असता त्याचे नाव थट्टेने घेता येत नाही. दुसरे कारण निव्वळ भाषिक आहे. सुधाकर नावाची माणसे महाराष्ट्रात गल्लोगल्ली होती आणि आहेत. तळीराम नावाचे कोणी सहसा भेटत नाही. विरळ नाव मोकळे असते, ते उचलून हवा तो अर्थ त्याला चिकटविता येतो आणि कोणी जिवंत माणूस दुखावत नाही. कुंभकर्ण, शकुनी, घाशीराम या सर्व नावांना हे लागू पडते.

अतिप्रचलित नावांच्या वाट्याला वेगळेच काही येते. ती विशिष्ट गुणाची वाचक होत नाहीत, 'कोणीही' या अर्थाची होतात. 'सोमाजी गोमाजी', तुच्छतेने 'सोम्यागोम्या', ही नावे अशाच सर्वसामान्य माणसाची आहेत. येथे निवड नीट पाहिली पाहिजे. सामान्य माणसाचे प्रतीक म्हणून भाषेने कोणा पंतांचे वा रावसाहेबांचे नाव घेतले नाही. खेड्यातील कष्टकऱ्यांत आढळणारी नावे घेतली आणि त्यांना तुच्छतादर्शक 'या' जोडला. 'कोणाही सोम्यागोम्याने यावे आणि बोलावे' असे सुशिक्षित माणूस सहज म्हणून जातो तेव्हा त्या वाक्यात कोणाला बोलण्याचा अधिकार आहे आणि कोणाला नाही याविषयीची एक जुनी खात्री दडलेली असते. शब्दकोश अर्थ देतात, ही खात्री त्यांत दिसत नाही. स्त्रियांच्या नावांचीही अशीच कथा आहे. पुराणातून आलेल्या स्त्रीनामांची मराठीत फार थोड्या खणांत वाटणी झालेली दिसते: एकीकडे सती-सावित्री, दुसरीकडे कैकेयी, मंथरा, पूतना आणि त्राटिका. रामायणातील ताटकेपासून मराठीत 'त्राटिका' झाली आणि भांडखोर, जहांबाज बाई असा तिचा अर्थ ठरला. पुढे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या कर्कशा नायिकेचे नाटक मराठीत आणले तेव्हा त्यांना हेच नाव तयार मिळाले.

नावात निवाडा असतो आणि निवाडा नेहमी संक्षिप्त असतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली. पुढे सांकेतिक चलनाचा प्रयोग केला आणि तो फसला. या दोन गोष्टींवर 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग उभा आहे. हेतूंचा, विद्वत्तेचा, काळाच्या अडचणींचा त्यात पत्ता नाही. पुण्याचा कोतवाल घाशीराम याला १७९१ मध्ये संतप्त जमावाने ठार केले. त्याच्या अत्याचारांमागे कोणाची सत्ता उभी होती हा प्रश्न 'घाशीराम' या शब्दाला पडत नाही. हाच प्रश्न विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाला पडला आणि त्यावरून जे वादळ उठले ते सर्वज्ञात आहे. गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक' (१९६४) या कन्नड नाटकाचा मराठी अनुवादही तेंडुलकरांनीच केला. शब्दाने ज्यांचा एका गुणावर निकाल लावला त्या माणसांना नाटककार पुन्हा गुंतागुंतीचे करून रंगमंचावर उभे करतो. अर्थात नाटके गाजली म्हणून शब्दांचे अर्थ बदलले असे झाले नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तुघलकी फर्मान आजही तसेच निघते.

आता रूपसिद्धीकडे वळावे. संस्कृतात व्यक्तिनामापासून शब्द साधण्याची विस्तृत व्यवस्था आहे. अपत्यार्थी तद्धितांनी पांडूचे पांडव आणि रघूचा राघव होतो, ग्रंथकर्त्याच्या नावावरून पाणिनीय होते. आरंभीच्या स्वराची वृद्धी हे त्यातील एक प्रमुख साधन. मराठीने वृद्धीची ही यातायात टाळली आणि 'ई' या एका प्रत्ययावर जवळजवळ सर्व भिस्त ठेवली. एकनाथी भागवत, रामदासी मठ, मोरोपंती आर्या, चिपळूणकरी भाषा, मर्ढेकरी कविता, आंबेडकरी चळवळ अशी मालिका सहज जुळते. 'भावार्थदीपिका' हे नाव मागे पडून ग्रंथकर्त्याच्या नावाची 'ज्ञानेश्वरी' घरोघर पोचली तीही याच प्रत्ययाने. परंतु हा प्रत्यय सर्व नावांना लागत नाही, आणि कोणत्या नावांना लागत नाही हे पाहणे उद्बोधक आहे. व्यंजनान्त उच्चाराच्या आडनावांना, विशेषतः 'कर'ने संपणाऱ्यांना, तो सहज चिकटतो. 'गांधी' या नावाच्या शेवटी ई आधीच आहे, म्हणून तेथे दुसरा शब्द जोडावा लागतो: गांधीवादी, गांधीटोपी. (या टोपीची गंमत अशी की १९२१ मध्ये गांधीजींनी पंचा स्वीकारला आणि टोपी सोडली, त्यांचे नाव त्यानंतर दुसऱ्यांच्या डोक्यावर राहिले. ग्रामीण महाराष्ट्रातील वृद्ध ती घालतो तेव्हा त्यात राजकारणही उरलेले नसते.) फुले या नावाला ई लावावी तर 'फुली' होते, आणि फुलीचा अर्थ निराळाच आहे. म्हणून 'फुलेवादी' म्हणावे लागते. मात्र 'फुले-आंबेडकरी विचार' या जोडशब्दात एकच प्रत्यय शेवटी लागून दोन्ही नावांना पुरतो. एकट्या नावाला जे साधत नाही ते सोबतीने साधते, असा हा मराठी समासाचा मोठा सोयीचा व्यवहार आहे.

नेमाडे या एकारान्त आडनावाचीही हीच अडचण होती. ती मराठी साहित्यविश्वाने फार मार्मिकपणे सोडविली. 'कोसला' (१९६३) नंतर भालचंद्र नेमाडे यांच्या अनुयायांना 'नेमाडपंथी' म्हटले जाऊ लागले. हा शब्द उघडच 'हेमाडपंती'च्या साच्यावर बेतलेला आहे, आणि त्यात अर्धी थट्टा व अर्धा गौरव आहे. पण साचा घेताना एक अक्षर बदलले. 'पंत' हे पंडित या पदवीचे मराठी रूप. 'पंथ' म्हणजे संप्रदाय. हेमाडपंती देऊळ हे कोणा हेमाड नावाच्या पंथाचे नव्हे. तथापि पदवीधरांच्या प्रबंधांतूनही 'हेमाडपंथी' असे लेखन वारंवार आढळते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात देवळे बांधणारा एखादा पंथ उभा राहिला असल्यास नवल नाही. खुद्द 'हेमाडपंत' या नावाचा प्रवासही येथे संपत नाही. 'श्रीसाईसच्चरित' लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोलकर हे विसाव्या शतकात हेमाडपंत या नावाने ओळखले गेले. तेराव्या शतकातील व्यक्तीच्या नावाचा शब्द झाला, आणि ते नाव पुन्हा एका दुसऱ्याच व्यक्तीची उपाधी म्हणून परतले.

समीक्षेने मात्र या 'ई'चा वापर जपून करावा. 'मर्ढेकरी वळण' असे लिहिले की काही सांगितल्यासारखे वाटते. ते वळण प्रतिमेचे, यंत्रयुगाच्या जाणिवेचे, की ओवी-अभंगाच्या नव्या वापराचे, हे सांगण्याची जबाबदारी त्या एका स्वरावर ढकलली जाते. 'आंबेडकरी' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. मर्ढेकरी हे विशेषण समीक्षकांनी कवींना लावले. आंबेडकरी हे विशेषण लिहिणाऱ्यांनी आणि लढणाऱ्यांनी स्वतःसाठी निवडले. 'दलित साहित्य' ही संज्ञा पुरेशी नाही, ती दुःखावस्था सांगते, विचार सांगत नाही, अशी भूमिका घेऊन ही निवड झाली. नामजन्य शब्दांत असे स्वेच्छेने धारण केलेले शब्द फार थोडे आढळतात.

याच संदर्भात 'बहिष्कार' या शब्दाकडे पाहण्यासारखे आहे, जरी मराठी रूपात त्यात कोणाचेही नाव नाही. १८८० मध्ये आयर्लंडमधील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमिनीच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले आणि इंग्रजीला एक क्रियापद मिळाले. १९०५ नंतरच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला हे हत्यार आले तेव्हा मराठीने त्याला 'बहिष्कार' म्हटले. भाषांतरात बॉयकॉट हरवला हे ठीकच. अलीकडे अमेरिकेतील लिंच या नावापासून झालेल्या शब्दाला मराठी पत्रकारितेने 'झुंडबळी' हा अस्सल शब्द दिला तेव्हाही असेच झाले. याउलट 'पाश्चरीकरण' या शब्दात फ्रेंच शास्त्रज्ञ संस्कृत प्रत्ययासह सुखाने नांदतो आहे. पण बहिष्कार हा शब्द कोरा नव्हता. गावाने आणि जातीने माणसाला वाळीत टाकणे हा त्याचा जुना अर्थ. शहरातील देशभक्ताला तो उगारावयाचे शस्त्र वाटला. ज्यांच्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या घातलेला होता त्यांना तो आपल्या स्थितीचे नाव वाटला. १९२४ ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ मध्ये सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' या नावांत तोच शब्द आहे, आणि त्यात आयर्लंडचा कारभारी शोधून सापडणार नाही.

शब्द तोच ठेवून त्यातील व्यक्ती बदलण्याचे कामही मराठीने गेल्या शतकात केले आहे. 'भीम' हे नाव जुन्या मराठीत पांडवाचे: भीमटोला, भीमसेनी कापूर, आडदांड माणसाला भीम म्हणणे. 'जयभीम', 'भीमगीत', 'भीमजयंती', 'भीमसैनिक' या शब्दांतील भीम दुसरा आहे. जयभीम या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. आज हे एकाच वेळी अभिवादन, ओळख आणि भूमिका आहे. दोन माणसे परस्परांना ते म्हणतात तेव्हा कोणालाही गदाधारी भीम आठवत नाही. ज्याच्या नावाने विद्यापीठ ओळखले जावे म्हणून १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत संघर्ष झाला, घरे जळाली, माणसे मेली, त्या नावाभोवती 'नामांतर' आणि 'नामविस्तार' हे दोन शब्दही असे घडले की मराठवाड्यात त्यांच्यामागे व्यक्तीचे नाव जोडण्याची गरज पडत नाही.

'सावित्री'चे स्थित्यंतर अद्याप चालू आहे. यमाकडून पतीचे प्राण परत आणणारी सावित्री मराठी स्त्रीजीवनात वडाच्या पूजेतून खोलवर रुजलेली आहे. 'सती-सावित्री' हा शब्द तिचाच, आणि उपरोधाने वापरला तरी तिचाच. परंतु 'सावित्रीच्या लेकी' म्हटले की सावित्रीबाई फुले (१८३१ ते १८९७) यांचा वारसा सांगणाऱ्या शिकलेल्या मुली अभिप्रेत असतात. पहिल्या सावित्रीला शंभर पुत्रांचा वर मिळाला होता. लेकी मिळाल्या दुसरीला, आणि त्याही शाळेतून. दोन्ही अर्थ आज एकाच घरात नांदतात. ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणारी आई ३ जानेवारीला, बालिकादिनी, मुलीला सावित्रीबाईंच्या वेशात, कपाळावर आडवी चिरी लावून शाळेत पाठविते, आणि दोन्ही वेळा नाव एकच घेते.